वीस टनांना बांधताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एक दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. बाजूंना फाळके नसलेला, सपाट पाठीचा एक लांबलचक ट्रेलर डाव्या कडेनं धापा टाकत घाट चढत असतो. त्याच्या पाठीवर पोलादी पत्र्याच्या एक किंवा दोन गुंडाळ्या, बाकी सगळी पाठ रिकामी. शेजारच्या मोटारीतलं मूल विचारतं, "एवढी मोठी गाडी आणि सामान एवढंसंच?"

प्रश्न बरोबर आहे. धंद्यात या गुंडाळीला सगळे कॉइल म्हणतात, तेव्हा मीही तोच शब्द वापरतो. सव्वा मीटर रुंदीचा पत्रा घट्ट गुंडाळत नेला आणि त्याचा बाहेरचा व्यास पावणेदोन मीटरच्या किंचित वर गेला, की मधलं भोक वजा करूनसुद्धा वजन २० टन भरतं. पोलादाचा एक घनमीटर पावणेआठ टनांहून थोडा जास्तच असतो, त्यामुळे अडीच घनमीटरमध्ये हा आकडा गाठला जातो. म्हणजे उंचपुऱ्या माणसाच्या उंचीची ही एक वस्तू, आणि वजन वीस-बावीस लहान मोटारींचं. ती रिकामी वाटणारी पाठ प्रत्यक्षात पुरती भरलेली असते.

या कॉइलमधूनच आपल्या मोटारींचे दरवाजे, फ्रिजची अंगं, कपाटं आणि छपराचे पत्रे होतात. पेणजवळ डोलवीला पोलादाचा कारखाना, कळंबोलीला लोखंडाचा मोठा बाजार, आणि माल लागतो तो घाटावर, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत. मध्ये बोरघाट. माझ्या नोकरीची बरीच वर्षं अशाच मालाच्या पाठवणी खात्यात गेली. कारखान्यात पोलाद कसं तयार होतं यावर पुष्कळ बोललं जातं. ते पोलाद ट्रेलरवर चढवल्यानंतर बांधायचं कसं, यावर फारसं कोणी बोलत नाही. आणि माणसं दगावतात ती बहुधा इथं.

खेड्यातल्या श्रोत्यांना ही विद्या मुळीच नवी नाही. कडब्यानं भरलेली बैलगाडी डुलत, खड्डे खात घरापर्यंत येते आणि पेंढी पडत नाही, कारण भरणाऱ्यानं नाडा नुसता बांधलेला नसतो, त्यात काठी घालून पीळ दिलेला असतो. साखळी आणि बाइंडर ही त्याच नाड्याची आणि काठीची पोलादी आवृत्ती. फरक एवढाच की कडबा पडला तर गोळा करता येतो.

या कामातला सगळ्यात मोठा गैरसमज मी पहिल्यांदा सांगतो, कारण तो शिकल्यासवरलेल्यांतही आढळतो. "अहो, वीस टनांची वस्तू आहे, ती आपल्या वजनानंच बसलीय. कुठं हलतेय ती?" ऐकायला हे पटतं. पेन्सिल घरंगळते, पाटा हलत नाही, हा आपला रोजचा अनुभव. पण पाटा हलत नाही तो आपण त्याला हातानं ढकलतो तेव्हा. गाडी ब्रेक लावते तेव्हा ढकलणारा हात वेगळा असतो. तो प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या प्रमाणात ढकलतो. वजन दुप्पट झालं तर तळाशी होणारं घर्षण दुप्पट होतं, हे खरं, पण पुढे जाण्याची ओढही तितकीच दुप्पट होते. हिशेब जिथल्या तिथं राहतो. म्हणून ब्रेक लागल्यावर रिकामा डबा ज्या वेळी सरकायला लागतो, त्याच वेळी त्याच पत्र्यावर ठेवलेली वीस टनांची पेटीही सरकायला लागते. जडपणा हा बांधणीला पर्याय नाही. जड वस्तू थांबवणं मात्र फार अवघड.

आता थोडे आकडे. ट्रक कचकन थांबला तर मालावर पुढच्या दिशेनं त्याच्या वजनाच्या दहांश आठ इतका जोर येईल, असं युरोप आणि अमेरिका या दोन्हीकडच्या नियमांत धरलेलं आहे. बाजूला आणि मागे वजनाच्या निम्मा. म्हणजे वीस टनांची कॉइल ब्रेक लागताच १६ टनांच्या जोरानं केबिनकडे निघते आणि वळणावर १० टनांच्या जोरानं दरीकडे. तिला अडवायला आधी काय आहे, तर घर्षण. पोलादावर पोलाद ठेवलं तर ते वजनाच्या दहा ते वीस टक्के मिळतं. पत्रा तेलकट असेल, आणि कॉइलचा पत्रा पुष्कळदा तेल लावलेलाच असतो, तर त्यातलंही कमी. चांगलं वीस टक्के धरलं तरी ४ टन. उरले १२ टन. ते कशानं तरी अडले पाहिजेत. नाहीतर ते अडतात चालकाच्या पाठीशी.

मी हे नाटकी करून सांगत नाही. ट्रकच्या केबिनचा मागचा पत्रा वाऱ्यापावसासाठी असतो. त्याच्या मागे ट्रेलरला भक्कम हेडबोर्ड असेल तर गोष्ट वेगळी, पण तो असलाच तर वाकलेला, आणि मालापासून दहा फूट लांब. त्या दहा फुटांत कॉइल वेग घेते.

कॉइल कशी ठेवायची यालाही महत्त्व आहे. तिचं भोक आकाशाकडे ठेवलं तर ती गडगडत नाही, पण तशी ठेवायला खाली लाकडी पॅलेट लागतं आणि उतरवायला वेगळी सोय. भोक गाडीच्या लांबीच्या दिशेनं ठेवलं तर ती बाजूला गडगडू शकते. भोक आडवं, म्हणजे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ठेवलं, तर ती गाडीच्या चाकासारखी होते आणि पुढे, सरळ चालकावर येते. अमेरिकेतले ट्रकवाले या शेवटच्या पद्धतीला त्यांच्या बोलीत आत्महत्येची कॉइल म्हणतात. आपल्याकडे लांबीची आणि आडवी, दोन्ही पद्धती दिसतात. ठरवतं कोण, तर क्रेनला कुठली सोयीची पडते ते.

ती गडगडू नये म्हणून खाली दोन बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा पाचरी लावतात. किती उंचीच्या? इथं शाळेतली त्रिकोणमिती कामाला येते. मघाच्या आपल्या कॉइलला बाजूचा निम्मा जोर सोसायचा तर ठोकळ्याची कड तिला तळापासून निदान ९ ते १० सेंटिमीटर उंचीवर टेकली पाहिजे. पुढचा जोर सोसायचा तर जवळजवळ २० सेंटिमीटर, म्हणजे पावणेआठ इंचांवर. त्याहून बुटका ठोकळा असला की कॉइल त्याच्यावर चढते आणि पलीकडे जाते. आता पुढच्या वेळी ट्रेलर शेजारून गेला तर त्याखालचे ठोकळे पाहा. तीन इंच, चार इंच, कधी नुसती फुटकी फळी. आणि तोही ठोकळा तळाला पक्का जखडलेला पाहिजे, नाहीतर कॉइल त्याला घेऊनच निघते. हल्ली बरेच मालक तळातच खोलगट घळ असलेले ट्रेलर घेतात, त्यात कॉइल अर्धवट बसते. तो खर्च सार्थकी लागलेला खर्च आहे असं माझं मत. घळ असली म्हणजे साखळी नको, असं मात्र कोणी समजू नये.

साखळीकडे येऊ.

साखळी म्हटली की बाजारात मिळेल ती, असा आपल्याकडे रिवाज. विहिरीवरची, झोपाळ्याची, बैलाची आणि ट्रेलरची साखळी लांबून सारखीच दिसते. पण माल बांधायच्या साखळीच्या कड्यांवर ठरावीक अंतरानं आकडा उठवलेला असतो. ७० किंवा ७, ८० किंवा ८. हा आकडा उगाच नाही. त्यावरून साखळी किती ओढीला तुटेल हे काढता येतं. ग्रेड ८० म्हणजे तुटण्याच्या क्षणी पोलादाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ८०० न्यूटन ताण. दहा मिलिमीटर जाडीच्या कडीला दोन बाजू असतात, दोन्हींचा मिळून छेद १५७ चौरस मिलिमीटर. गुणाकार करा, सव्वा लाख न्यूटनांच्या वर उत्तर येतं, म्हणजे साडेबारा टनांहून थोडं जास्त. ज्या साखळीवर आकडाच नाही तिचा हा हिशेब मांडताच येत नाही. ती किती टनांना तुटेल हे ती तुटल्यावर कळतं.

साडेबारा टनांना तुटणारी साखळी साडेबारा टनांना वापरायची नसते, हे सांगायला नको. युरोपातल्या बांधणीच्या साखळीवर पट्टी असते, तिच्यावर निम्मा आकडा लिहितात. अमेरिकेत ग्रेड ७०ची तीन अष्टमांश इंची साखळी तुटते १२ टनांना आणि तिच्यावर भरवसा ठेवायचा ३ टनांचा, म्हणजे चौथा हिस्सा. तिथला नियम सोपा आहे : सगळ्या साखळ्यांच्या भरवशाच्या आकड्यांची बेरीज मालाच्या वजनाच्या निदान निम्मी भरली पाहिजे. वीस टनांना दहा टन. तीन साखळ्यांचे नऊ होतात, म्हणजे चार लागतात. चालकाला पाढा येत असला की पुरे. हे नियम तिथं १ जानेवारी २००४ पासून या स्वरूपात लागू आहेत आणि सव्वादोन टनांवरच्या कॉइलसाठी त्यात वेगळं कलमच आहे. त्यावरही न भागल्यामुळे अलाबामा राज्यानं २००९ मध्ये कॉइल नेणाऱ्या चालकांना वेगळं प्रमाणपत्र घ्यायला लावणारा कायदा केला होता. अलाबामाचं बर्मिंगहॅम हे पोलादाचं जुनं शहर. रस्त्यावर घरंगळलेल्या कॉइलचा अर्थ काय असतो, हे तिथल्या लोकांना पुस्तकात वाचावं लागलं नसेल.

साखळी माल धरते ती दोन रीतींनी. एक, वरून दाबून. दुसरी, तिरकी ओढून. आपल्याकडे नव्याण्णव जण पहिलीच रीत वापरतात : एका बाजूच्या आकड्यातून साखळी कॉइलवरून पलीकडे, आणि आवळली. दिसायला भक्कम. पण हिशेब करा. हातानं आवळलेल्या बाइंडरनं साखळीत एक टनाचा ताण आला असं धरू. दोन बाजू मिळून कॉइलवर दोन टनांचा दाब वाढला, तोही साखळी दोन्हीकडे अगदी उभी उतरत असेल तर. ती तिरकी पसरून तळाशी तीसच अंशांचा कोन करत असेल तर दाब निम्माच. दोन टनांच्या दाबानं वीस टक्के घर्षणात भर पडली ती ४०० किलोंची. आपल्याला अडवायचे होते १२ टन! अशा चार साखळ्या टाकल्या तरी दीड टनाच्या थोडं वर जातं.

म्हणून दुसरी रीत. साखळी कॉइलच्या भोकातून ओवायची आणि एक जोडी पुढच्या आकड्यांकडे, एक मागच्या आकड्यांकडे तिरकी न्यायची. आता कॉइल पुढे जाऊ लागली तर मागे ओढणाऱ्या साखळ्या आपल्या पूर्ण ताकदीनं तिला धरतात. इथं आवळण्याचा एक टन महत्त्वाचा नसतो, साखळीची स्वतःची शक्ती कामी येते. ठोकळे आणि भोकातून तिरक्या साखळ्या असं दोन्ही असेल तर वीस टनांचं ओझं खरोखर जागच्या जागी राहतं. तळाशी रबराची चटई टाकली तर घर्षण वीस टक्क्यांवरून साठपर्यंत जातं, आणि उरलेले बारा टन चारवर येतात. माझ्या मते या सगळ्या धंद्यात रबराच्या त्या तुकड्याइतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू दुसरी नाही. आपले चालक जुन्या टायरचे तुकडे कापून साखळीखाली घालतात. ते घालतात मालाला वण पडू नये म्हणून, कारण वण पडला की माल घेणारा पैसे कापतो. तोच तुकडा कॉइलच्या खाली का गेला नाही, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे.

साखळी ज्या आकड्यात अडकवतो त्या आकड्याचं काय? बारा टनांवरच्या गाड्यांसाठी युरोपातल्या मानकात प्रत्येक आकडा निदान दोन टनांची ओढ सोसणारा हवा. आपल्याकडे पुष्कळ ट्रेलरांना कडेला सळई वाकवून वेल्डिंग केलेलं असतं. त्यात ग्रेड ८०ची साखळी अडकवणं म्हणजे सुताच्या गुंडीला दंडाची तिजोरी टांगणं. आणि वेल्डिंगवरून आठवलं : तुटलेली साखळी गॅरेजमध्ये वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. या साखळीची ताकद तिला दिलेल्या उष्णतेच्या संस्कारात असते, आणि वेल्डिंगची आच तो संस्कार घालवते. नटबोल्ट घालून जोडणं, गाठ मारणं, पीळ पडलेली तशीच ताणणं, हेही नाही. दहावा हिस्सा झिजलेली कडी दिसली तर ती साखळी गेली.

आता बाइंडर. याचे दोन प्रकार. पहिला लांब दांड्याचा. दोन्ही टोकांना आकडे, मध्ये दांडा. आकडे साखळीच्या दोन कड्यांत अडकवायचे आणि दांडा जोर लावून पलीकडे पाडायचा. मध्यबिंदू ओलांडला की तो स्वतःच अडकून बसतो. हाताच्या जोराच्या साधारण पंचवीसपट ओढ देतो असं बनवणारे सांगतात, म्हणजे चाळीस किलोंनी ढकललं तर एक टन. युक्ती सुरेख आहे. पण त्या दांड्यात एका टनाची ओढ साठून राहिलेली असते आणि सोडताना ती कुठं तरी जाते. मध्यबिंदू मागे गेला की दांडा उसळून येतो. समोर जबडा असला तर जबड्यावर, छाती असली तर छातीवर. जोर पुरत नाही म्हणून दांड्यात हातभर लांब पाइप घालायची पद्धत सर्रास आहे. त्यानं आवळताना सोपं जातं आणि सोडताना तो पाइप गोफणीसारखा सुटतो.

दुसरा प्रकार खटक्याचा, म्हणजे रॅचेटचा. मध्ये उलटसुलट आट्यांचा दंड, आणि दांडा पुढेमागे केला की तो एकेक खटका आवळत जातो. ओढ पहिल्याच्या दुप्पट मिळते आणि सोडताना तशीच एकेक खटका सुटते, उसळी नाही. किंमत जास्त, वेळ थोडा जास्त, आट्यांना ग्रीस लागतं. मी पहिला प्रकार नव्यानं विकत घेऊच नये या मताचा आहे. आहेत ते वापरायचेच असतील तर दांडा खाली तोंड करून पाडावा, मोकळ्या साखळीचं शेपूट त्याभोवती गुंडाळून तारेनं बांधावं, आणि सोडताना मान, तोंड त्याच्या वाटेत ठेवू नये.

पट्ट्यांनी का बांधत नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. कापडी पट्टा हलका, हाताला सोपा, वण पडत नाही. पण तो ताणला जातो, धारेवर कापला जातो आणि जड ओझ्याला त्यांची संख्या फार लागते. संख्येत चूक झाली तर काय होतं याचं एक उदाहरण रस्त्यावरचं नाही, आकाशातलं आहे. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बगराम तळावरून उडालेलं एक मालवाहू ७४७ विमान काही क्षणांत कोसळलं. आत पट्ट्यांनी बांधलेली पाच चिलखती लष्करी वाहनं होती. निदान एक सुटून मागे गेलं आणि विमानाची नियंत्रणंच मोडली. सातही जण गेले. अमेरिकेच्या चौकशी मंडळानं २०१५ मध्ये निष्कर्ष काढला तो अपुऱ्या बांधणीचा.

साखळीचा गुण असा की ती ताणली जात नाही. आणि दोषही तोच. पट्टा थोडा ताणलेला असतो, त्यामुळे माल अर्धा सेंटिमीटर खाली बसला तरी पट्टा मागोमाग आखडतो. साखळीला आखडायला जागाच नाही. लाकडी ठोकळा दबला, कॉइलचं वेष्टन चेपलं, की काल रात्री घणघणीत असलेली साखळी सकाळी सैल लोंबते. म्हणून बांधून निघालं की काम संपत नाही. अमेरिकेत पहिल्या ५० मैलांत, म्हणजे ८० किलोमीटरांत थांबून तपासायला सांगतात, आणि नंतर दर तीन तासांनी किंवा २४० किलोमीटरांनी. आपल्याकडे कळंबोलीहून निघालेल्या गाडीला इतका वेळ नाही. ती तासाभरात घाटाच्या पायथ्याशी असते, आणि द्रुतगती मार्गावर वाटेल तिथं थांबता येत नाही. खालापूरच्या टोलनाक्याआधी किंवा तिथल्या वाहनतळावर एकदा उतरून साखळ्यांना हात लावला तर पुढचा चढ आणि वळणं निभावतात. परतीच्या उतारावर तर जास्तच, तिथं सगळं ओझं पुढे झुकलेलं असतं.

आमच्याकडे एक वयस्कर चालक यायचे. साताऱ्याकडचे. सगळे त्यांना मामा म्हणत. टायर ठोकायच्या दांडक्यानं ते साखळ्याही ठोकून बघत, आणि आवाजावरून कुठली सैल ते सांगत. एकदा माथाडी मंडळी घाईत होती, त्यांतला एक तरुण म्हणाला, "मामा, किती वेळ? मागं रांग लागलीय." मामांनी वर न बघता उत्तर दिलं, "बाबा, पुढं मी बसतो ना." आणि पाचवी साखळी काढली. पाचवी लागत नव्हती. पण त्यांना कोणी थांबवलं नाही.

सगळ्यांना मामांचं स्वातंत्र्य नसतं, हेही खरं. साखळ्या कोणाच्या? ट्रेलरच्या मालकाच्या. हरवल्या तर कोण भरणार? पुष्कळदा चालक. वेळ कोणाचा? खेप वेळेत पोचली तर भत्ता, नाहीतर नाही. एका कारखान्याच्या दारात मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. तिथं नियम कडक होता : चार साखळ्यांशिवाय गाडी बाहेर नाही. पहारेकरी मोजून सोडायचा. दाराबाहेर दोनशे पावलांवर एक चहाची टपरी होती. तिथं गाडी थांबायची, दोन साखळ्या सुटायच्या आणि रांगेतल्या मागच्या गाडीकडे परत जायच्या. टपरीवाला त्यांचं भाडं घ्यायचा. दारावरच्या वहीत रोज सगळ्या गाड्यांपुढे चार-चार लिहिलेलं असे. या प्रकारात चालकाला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. कारखान्यानं साखळ्यांचा नियम केला आणि साखळ्या दिल्या नाहीत. वीस टनांच्या कॉइलच्या किमतीपुढे चार साखळ्या आणि चार बाइंडर म्हणजे काहीच नाही. माल पाठवणाऱ्यानंच त्या द्याव्यात, माल घेणाऱ्यानं मोजून परत पाठवाव्यात. गॅसचं सिलिंडर घरोघरी जाऊन परत येतं, साखळी का येणार नाही?

कायदा या बाबतीत वजन आणि मापं यांच्याकडे जास्त बघतो. २०१९च्या दुरुस्तीनं जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० असा दंड ठेवला. माल बाजूनं, पुढून, मागून किंवा उंचीनं बाहेर आला तरी २०,०००. लोखंडी सळ्या मागून ठरावीक लांबीपर्यंत बाहेर ठेवायची जुनी सवलत होती, ती २०१४ मध्ये रद्द झाली, आणि ती रद्द व्हायच्या आधी रात्रीच्या अंधारात किती दुचाकीस्वार त्या सळ्यांवर गेले याची आठवण अनेक घरांत असेल. हे सगळं योग्यच झालं. पण काट्यावर वजन मोजलं जातं तसं नाक्यावर साखळ्या मोजताना मी फार कोणाला पाहिलेलं नाही.

पोकलेनसारखी यंत्रं नेताना तर चारही कोपऱ्यांना चार साखळ्या आणि पुढचा हात खाली टेकवून तोही वेगळा बांधलेला, एवढं तरी हवंच. उंच राहिलेला हात पुलाला लागतो, हे वेगळं सांगायची गरज नाही.

श्रोत्यांपैकी बहुतेक जण ट्रेलर चालवत नाहीत, त्याच्या शेजारून जातात. त्यांच्यासाठी एवढंच. घाटात कॉइलच्या ट्रेलरच्या अगदी मागे किंवा वळणाच्या बाहेरच्या बाजूला त्याच्या बरोबरीनं राहू नका. एक तर ओलांडून जा, नाहीतर मागे भरपूर अंतर ठेवा. आणि त्याच्या पुढे जाऊन एकदम ब्रेक लावू नका. तुमच्या ब्रेकला तो ब्रेक लावील, पण त्याच्या पाठीवरच्या कॉइलला ब्रेक नाही.

राहिली शेवटची पायरी, माल उतरवण्याची. इथं सगळे निर्धास्त असतात, कारण प्रवास झालेला असतो. प्रत्यक्षात वाटेत माल सरकून एखाद्या साखळीवर रेललेला असू शकतो, आणि ती एकच साखळी त्याला धरून असते. म्हणून बाइंडरला हात लावण्याआधी गाडीला एक फेरी मारावी. ठोकळे जागेवर आहेत का, कॉइल कुठल्या बाजूला झुकली आहे का, कुठली साखळी बाकीच्यांपेक्षा जास्त ताठ आहे, ते बघावं. ताठ साखळी सगळ्यात शेवटी सोडायची, आणि तीसुद्धा क्रेनचा आकडा कॉइलमध्ये बसून तिचं वजन उचललं गेल्यावर. उतरणीच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. मग साखळ्या एकेक तपासून, माती झटकून पेटीत. जमिनीवर टाकून दिलेल्या साखळीवरून ट्रेलर मागे घेतला तर तिची कडी चेपते, आणि ती चेपलेली कडी पुढच्या खेपेला कोणाच्या लक्षात येत नाही.